थ्रोट लांब, दाब कमी. मग वेगाचं काय?

इंदुरात बंदुकीच्या गप्पांना तोटा नाही. महू हाकेच्या अंतरावर, तिथे इन्फन्ट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट. विमानतळाच्या बाजूला बीएसएफचं शस्त्रप्रशिक्षण केंद्र. त्यांची रेवती रेंज बऱ्याच इंदूरकरांना कळली ती मात्र गोळीबारामुळे नाही, २०२४ च्या जुलैत तिथे एका दिवसात लाखो रोपं लावली गेली म्हणून. तेव्हा इथल्या मराठी घरांतही फौजेतून निवृत्त झालेले एखादे काका असतात, नाहीतर एनसीसीत .२२ ची छोटी रायफल चालवून आलेला एखादा भाचा असतो, आणि चहासोबत वाद रंगतात. त्यातला एक जुना वाद थ्रोटचा. एक म्हणतो, थ्रोट लांब असला की गोळीचा वेग वाढतो. दुसरा म्हणतो, उलट, कमी होतो. दोघंही कुठेतरी वाचलेलंच सांगत असतात. प्रत्येकाने त्यातली एक अट गाळलेली असते, एवढंच.

आधी थ्रोट म्हणजे नेमकं कुठे, ते पाहू. काडतूस नळीच्या मागच्या टोकाला ज्या पोकळीत बसतं ते चेंबर. काडतुसाच्या पितळी पुंगळीचं तोंड जिथे संपतं तिथून पुढे नळीचा एक आखूड भाग गुळगुळीत असतो. त्याची रुंदी गोळीपेक्षा जेमतेम केसभर जास्त. याला फ्रीबोअर म्हणतात. त्यानंतर आटे, म्हणजे नळीच्या आतले पिळदार खाचे, सुरू होतात, पण एकदम नाही. उतारावरून हळूहळू उंच होत जातात. गुळगुळीत भाग आणि हा उतार मिळून थ्रोट. आट्यांच्या उंच पट्ट्यांना लँड म्हणतात. गोळी त्या पट्ट्यांमध्ये दाबून घुसते, तिच्या अंगावर खाचा पडतात आणि म्हणूनच ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असताना गोळी आणि लँड यांच्यात जे अंतर उरतं त्याला नेमबाज ‘जंप’ म्हणतात. फ्रीबोअर काही रायफलींत मिलिमीटरभरही नसतो, तर काहींत सेंटीमीटरच्याही पुढे जातो.

एवढ्याशा जागेने काय फरक पडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण दारू पेटल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंतचा सगळा खेळ साधारण एक-दीड मिलिसेकंदाचा असतो. आपल्या फौजेच्या जुन्या एसएलआर रायफलीच्या ७.६२ × ५१ काडतुसाचा कमाल दाब नाटोच्या मानकानुसार ४१५ मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पट. आणि दाबाचं हे शिखर येतं तेव्हा गोळी जागेवरून जेमतेम काही सेंटीमीटर सरकलेली असते. नळीचा उरलेला सगळा पल्ला ती उतरत्या दाबाखाली कापते. म्हणजे जे काही ठरायचं ते थ्रोटच्या आसपासच ठरतं.

याचं मूळ दारूच्या स्वभावात आहे. धूरविरहित दारू फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये तयार केली, आणि ती कशी जळते याचा नियमही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दाब जितका जास्त तितका जळण्याचा वेग जास्त. दाब दुप्पट झाला तर जळण्याचा वेगही जवळजवळ दुप्पट होतो. जुन्या काळ्या दारूवर दाबाचा असा परिणाम फार कमी होत असे, त्यामुळे तिच्या बंदुका या बाबतीत बऱ्याच सोशिक होत्या. नव्या दारूत मात्र जास्त दाबामुळे वायू जास्त तयार होतो आणि जास्त वायूमुळे दाब आणखी चढतो. या चढत्या फेऱ्याला लगाम घालणारी एकच गोष्ट असते: गोळी पुढे सरकते आणि वायूला जागा मिळते. वायू किती झपाट्याने तयार होतो आणि जागा किती झपाट्याने वाढते, या दोघांची ही शर्यत आहे. दाबाचं शिखर किती उंच जाईल हे या शर्यतीवर ठरतं, आणि सुरुवातीच्या क्षणी कोणाला किती आघाडी मिळाली याला त्यात फार महत्त्व आहे.

लांब थ्रोट ही आघाडी जागेच्या बाजूला देतो, आणि तीही दोन वाटांनी.

पहिली वाट धावेची. स्कूटर ओट्यावर चढवायची असेल तर चाक ओट्याच्या कडेला टेकवून जोर लावून पाहा, घाम फुटतो. दोन हात मागून आणली की तीच स्कूटर धक्क्यासरशी वर जाते. गोळी लँडला टेकलेली असेल तर उभ्या उभ्याच खाचा पाडून घेत आत शिरायला तिला मोठा दाब लागतो, आणि तो दाब तयार होईपर्यंत ती जागची हलत नाही. तोवर वायू कोंडलेला राहतो, दाब चढतो, दारू अधिक वेगाने जळते. तीच गोळी दोन-तीन मिलिमीटर मोकळी धावून लँडवर आली तर अंगात वेग असतो. ती अडखळते कमी आणि मागची जागा आधीपासूनच वाढायला लागलेली असते. शिखर बुटकं राहतं.

इथे एक गुंतागुंत आहे. काही लहान काडतुसांत कॅपच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीच्या, धक्क्यानेच गोळी पुंगळीतून सुटते, लँडवर जाऊन थबकते आणि मग मुख्य दारू नीट पेट घेते. अशा वेळी धावेचा फायदा फारसा उरत नाही. म्हणूनच ‘एवढा जंप वाढवला की एवढा दाब उतरतो’ असा सर्वांना लागू पडणारा आकडा कोणी देत असेल तर मी तो कानाआड करतो.

दुसरी वाट निव्वळ जागेची, आणि तिचा हिशोब मात्र कागदावर करता येतो. ७.६२ च्या पुंगळीत साधारण साडेतीन घन सेंटीमीटर जागा असते. नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस सेंटीमीटरपेक्षा किंचित कमी. म्हणजे गोळी लँडपर्यंत पोहोचायच्या आत एक मिलिमीटर जास्त सरकली तर वायूला सव्वा ते दीड टक्का जागा जास्त मिळाली. दारूच्या दाण्यांनी व्यापलेली जागा वजा केली तर हा वाटा आणखी मोठा होतो. थ्रोट एक मिलिमीटरने लांबवणं म्हणजे एका अर्थी पुंगळीच एवढ्याने मोठी करणं.

आता वेग. दारू तेवढीच, गोळी तीच, फक्त थ्रोट लांब केला, तर वेग घटतो. वाद घालणाऱ्यांपैकी दुसरा म्हणतो ते इथे बरोबर आहे. पण किती घटतो? दाबाच्या मानाने फारच थोडा. दाबाचं शिखर हा एका क्षणाचा आकडा; वेग मात्र नळीच्या पूर्ण लांबीत गोळीला मिळालेल्या ढकलण्याच्या बेरजेतून येतो. शिखर छाटलं गेलं तरी तेवढ्याच दारूतून जवळपास तेवढाच वायू निघतो आणि पुढच्या पल्ल्यात दाब तुलनेने टिकून राहतो. त्यामुळे शिखर चांगलंच खाली आलेलं असूनही क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेगातला फरक सेकंदाला काही मीटरच दिसतो. याची उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. वेग फारसा वाढलेला दिसत नाही म्हणून दाबही वाढला नसेल, हा तर्क धोक्याचा. क्रोनोग्राफ बेरीज दाखवतो, शिखर दाखवत नाही.

मग ‘लांब थ्रोट, जास्त वेग’ हे आलं कुठून? रॉय वेदरबी या माणसाकडून. १९४५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात रायफलींचा धंदा सुरू केला आणि प्रचंड वेगाची मॅग्नम काडतुसं लोकप्रिय केली. त्यांच्या रायफलींत फ्रीबोअर मुद्दाम लांब ठेवलेला असे. युक्ती सरळ होती. लांब फ्रीबोअरने शिखर खाली येतं. खाली आलेल्या शिखरामुळे जी सूट मिळते तेवढी दारू जास्त भरायची. शिखर पुन्हा पहिल्या मर्यादेपर्यंत येतं, पण आता वायू जास्त असल्यामुळे बेरीज मोठी होते आणि वेग वाढतो. म्हणजे वेग वाढवला तो जादा दारूने. थ्रोटने फक्त तिला जागा करून दिली.

ही वाढ तरी किती असते? जाणकारांचा एक ठोकताळा आहे: दाबाची मर्यादा तीच ठेवून पुंगळीतली जागा चार टक्के वाढवली तर वेग साधारण एक टक्का वाढतो. त्या हिशोबाने ७.६२ मध्ये एक मिलिमीटर जास्त थ्रोट म्हणजे जागेत सव्वा-दीड टक्का, वेगात टक्क्याचा तिसरा हिस्सा. सेकंदाला आठशे तीस मीटरवर फार तर तीन मीटर. धावेचा फायदा यात धरलेला नाही, तो धरला तर थोडा जास्त. तरीही एवढ्यासाठी जादा दारू, जादा उष्णता आणि जादा धक्का सोसायचा का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला विचाराल तर वेदरबींचा खरा वेग त्यांच्या भल्यामोठ्या पुंगळ्यांतून आला. फ्रीबोअरचा गाजावाजा जरा जास्तच झाला.

या विषयात सर्वात जास्त घोळ होतो तो थ्रोटची लांबी आणि गोळी पुंगळीत किती खोल बसवली आहे, या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. गोळी जास्त खोल बसवली की जंप वाढतो, खरंय. पण त्याच वेळी गोळीचं बूड पुंगळीतली जागा खातं. एक परिणाम दाब कमी करणारा, दुसरा वाढवणारा. रायफलीच्या मोठ्या पुंगळीत, गोळी लँडला टेकलेल्या स्थितीतून थोडी मागे घेतली तर पहिला परिणाम जिंकतो आणि दाब उतरतो. आणखी मागे, आणखी मागे नेत गेलं की कुठेतरी दुसरा परिणाम वरचढ होतो आणि दाब पुन्हा चढू लागतो. पिस्तुलाच्या ९ मिलिमीटरसारख्या चिमुकल्या पुंगळीत तर हा दुसरा परिणामच सगळं ठरवतो. तिथे गोळी जराशी आत ढकलली गेली तरी दाब भयंकर वाढू शकतो. थ्रोट लांब करताना मात्र पुंगळीतली जागा तशीच राहते, त्यामुळे उत्तर एकाच दिशेने जातं. ‘जंप वाढवला तर दाब वाढला की घटला’ असं कोणी विचारलं तर आधी उलट विचारायचं: नळी बदलली की काडतूस?

हे काही फक्त कागदावरचं नाही. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ × ४५ नाटो ही काडतुसं बाहेरून जवळजवळ जुळी. एकाच्या चेंबरमध्ये दुसरं बसतं. पण ५.५६ च्या चेंबरचा थ्रोट .२२३ च्या जवळपास दुप्पट लांब असतो आणि त्याची दारू त्या लांबीचा हिशोब धरून भरलेली असते. तेच काडतूस .२२३ च्या आखूड थ्रोटमध्ये झाडलं तर गोळी लँडला टेकायच्या बेताला येते आणि दाब अपेक्षेपेक्षा वर जाऊ शकतो. उलट दिशेने, .२२३ चं काडतूस ५.५६ च्या रायफलीत, काही धोका नाही. वेग थोडा कमी मिळतो, अचूकताही कदाचित किंचित ढळते. आपल्या इन्सासचं काडतूसही ५.५६ च आहे. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने ही रायफल घडवली, आणि तिची काडतुसं बनवणाऱ्या कारखान्यांत भुसावळजवळचा वरणगावचा कारखाना आहे. भारतात हा बोअर, म्हणजे नळीचं हे माप, सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, त्यामुळे ही अदलाबदल आपल्याकडे घरोघरची चिंता नाही. परवान्याशिवाय काडतुसं भरणं हाही १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हाच आहे. हे सगळं समजून घ्यायचं ते समजण्यापुरतं.

त्या दोन काडतुसांच्या दाबाचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लोक आणखी एका खड्ड्यात पडतात. .२२३ ची अमेरिकन मर्यादा ५५ हजार पीएसआय (चौरस इंचावर पौंड), ५.५६ ची नाटोची मर्यादा ६२ हजारांच्या वर. पण पहिला आकडा पुंगळीच्या मधल्या भागावर मोजतात आणि दुसरा तिच्या तोंडापाशी. जागा वेगळी, म्हणून आकडा वेगळा. खरा फरक एवढ्या सात हजारांचा नाही. काडतुसांच्या खोक्यावरच्या वेगाबद्दलही असंच. तो बहुधा आखूड चेंबरच्या, लांब चाचणी-नळीतून मोजलेला असतो. आपल्या रायफलीतून तेवढा मिळाला नाही तर लगेच कारखान्याला बोल लावू नये.

सगळे लांब थ्रोट दाबासाठीच केलेले असतात असंही नाही. स्वीडनच्या जुन्या ६.५ × ५५ माउजर रायफलींचा थ्रोट चांगलाच लांब आहे, कारण त्यांची मूळ गोळी १०.१ ग्रॅमची, गोल नाकाची आणि लांबलचक होती. तिला सामावायलाच तेवढी जागा हवी होती. पुढे टोकदार, हलक्या गोळ्या आल्या तेव्हा त्या त्याच नळ्यांत बरंच अंतर मोकळ्या धावू लागल्या. मोकळं अंतर फार झालं आणि फ्रीबोअर रुंदीला सैल असला तर गोळी आट्यांत जराशी तिरकी शिरू शकते, शिवाय वायू तिच्या बाजूने पुढे निसटतो. तरीही त्या माउजर अचूकतेसाठी नावाजल्या गेल्या. म्हणजे लांब थ्रोट आला की नेम गेला, हेही सरसकट खरं नाही. फ्रीबोअर गोळीला घट्ट बेताचा असेल तर ती सरळच जाते. उलट टोकाला, गोळी लँडमध्ये रुतवून बसवणाऱ्यांची वेगळीच पंचाईत. न झाडता काडतूस बाहेर काढायला गेलं की पुंगळी हातात येते, गोळी नळीतच राहते आणि दारू सगळ्या यंत्रणेत सांडते. शिकारीला जाणारा माणूस हा प्रकार का टाळतो, ते वेगळं सांगायला नको.

कारागिराने कितीही मोजून ठेवलेला थ्रोट तसाच राहत नाही. दर गोळीला तिथून निदान अडीच हजार अंश तापमानाचा वायू प्रचंड दाबाने जातो. पोलादाचा वरचा थर तापतो, निवतो, कडक होतो आणि त्याला मगरीच्या कातडीसारख्या बारीक भेगा पडतात. लँडची सुरुवातच झिजत पुढे सरकते, म्हणजे रायफल स्वतःच आपला थ्रोट लांबवत असते. मोठी पुंगळी आणि बारीक नळी असेल तर ही झीज झपाट्याने होते; .३०८ (७.६२ चं नागरी भावंड) सारखी मध्यम काडतुसं नळी बराच काळ जगू देतात. सैनिकी नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा देतात तो यासाठीही. झिजलेल्या थ्रोटमुळे शिखर उतरतं, वेग थोडा थोडा घसरतो, आणि लांब पल्ल्यावर गोळ्या खाली पडू लागतात.

तोफांत हेच सगळं मोठ्या आकारात दिसतं. देवळालीच्या तोफखाना स्कूलमध्ये शिकलेल्या कोणालाही नळीची झीज आणि मझल व्हेलॉसिटी, म्हणजे नळीच्या तोंडाशी गोळ्याचा वेग, यांचा संबंध सांगावा लागत नाही. नळी झिजली की गोळा रेटून बसवताना तो जास्त पुढे जाऊन बसतो, मागची जागा वाढते, दाब उतरतो, आणि गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडतो. म्हणून दारूचे किती पूर्ण चार्ज झाडले याची नोंद दर तोफेमागे ठेवतात, वेग मोजतात आणि त्याप्रमाणे नेम सुधारतात. रायफलवाल्याला एवढी शिस्त नसते. तो बहुतेक वेळा दुर्बिणीला दोष देतो.

शेवटी .२२, कारण आपल्याकडे बहुतेकांचा रायफलीशी पहिला संबंध तिच्यामुळेच येतो. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ते याच काडतुसावर. आमच्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातले ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही याच प्रकारातले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दोघं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात एकत्र होते. या खेळात वेग वाढवायची कोणालाच घाई नसते. स्पर्धेच्या काडतुसाची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असते, आणि दाब ७.६२ च्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे इथे चेंबर अगदी उलट पद्धतीने कापतात: थ्रोट इतका आखूड की बोल्ट बंद करतानाच मऊ शिशाची गोळी लँडमध्ये किंचित रुतते. शिसं मऊ असल्याने खाचा पडायला फार जोर लागत नाही, शिखर थोडं चढलं तरी पोलादाला त्याचं काही वाटत नाही, आणि प्रत्येक गोळी अगदी त्याच जागेवरून, त्याच सरळ रेषेत निघते. मोठ्या रायफलीत जो आखूड थ्रोट दाबाच्या भीतीने टाळतात, तो इथे नेमबाज पैसे मोजून मागून घेतो.